हजीऱ्याच्या वाटेवरचा टॉम

उधन्याला मावशीकडे मुक्काम असला की सकाळच्या चहाबरोबर चौकशी ठरलेली: "आज कुठे?" मी म्हटलं, "हजीऱ्याला." मावशीने कप खाली ठेवला. "तठे काय शे? कंपन्या आणि धूर. त्यापेक्षा इथे बस, भरताची वांगी आणलीत."

मावशी चाळीस वर्षांपूर्वी जळगावहून लग्न होऊन इथे आली. मराठी आणि अहिराणी एकाच वाक्यात बोलते आणि भाजीवाल्याशी गुजरातीत हुज्जत घालते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. भुसावळ-सुरत रेल्वेने खानदेश इथे आणून वसवला. रेल्वेच्या आधी हे काम तापीने केलं होतं. मुलताईला उगम पावून खानदेशाच्या अंगणातून आलेली तापी सुरतेला वळसा घालते आणि हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. मी लहानपणापासून तिचा मधला भाग पाहत आलोय. शेवट पाहायचा राहिला होता.

पण नुसता शेवट पाहायला चाललो नव्हतो. सुरतेच्या जुन्या पर्यटन माहितीत हजीऱ्याबद्दल दोन-तीन ओळी हमखास असतात: शहरापासून 28 किलोमीटर, सुरूच्या झाडांचा किनारा, आणि लोह व गंधक असलेल्या पाण्याच्या दोन विहिरी. गंधकाचं पाणी म्हटलं की आपल्याकडे खरूज, सांधेदुखी आणि देवस्थान हे तिन्ही एकदम आठवतं. आणि त्याच वाटेवर एका इंग्रजाचं थडगं आहे, ज्याने 400 वर्षांपूर्वी युरोपातल्या गरम पाण्याच्या एका रोमन गावाचं वर्णन लिहून ठेवलं. या दोन गोष्टी एका दिवसात बसत होत्या, म्हणून निघालो.

सुरत सोडून अडाजण, पाल, इच्छापोर अशी वाट धरली की शहर विरळ होईल असं वाटतं, तर उलट ट्रक वाढत जातात. कवासचं वीज केंद्र, कृभकोचा खत कारखाना, ओएनजीसीचा वायू प्रकल्प, पोलाद कारखाना, लार्सन अँड टुब्रो, बंदर, द्रवरूप वायूचं टर्मिनल. 2020 च्या नोव्हेंबरपासून इथून घोघ्याला गाड्या वाहून नेणारी बोटही सुटते. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर मी विहिरींची चौकशी केली. टपरीवाल्याने फार सहजपणे विचारलं, "कुठल्या गेटजवळ?" इथे पत्ता सांगायची तीच रीत आहे. गाव, देऊळ, तळं नव्हे. अमुक कंपनीचं तमुक नंबरचं गेट.

गुजरातीत हजीरा म्हणजे मकबरा. अहमदाबादेत राणीचा हजीरा आहे, बडोद्यातही एक हजीरा आहे. या किनाऱ्यावरही थडगी आहेतच. सतराव्या शतकाच्या अखेरीस तापीत नाव उलटून बुडालेल्या व्हॉक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं थडगं नदीच्या मुखाशी होतं आणि येणारी जहाजं त्याची खूण धरून दिशा ठरवत. मेलेल्या माणसाने जिवंतांना वाट दाखवायची, हा या किनाऱ्याचा जुना रिवाज दिसतो.

मी ज्याच्यासाठी आलो होतो त्याचं थडगं थोडं उत्तरेला, सुवालीजवळच्या राजगरी गावात आहे. सुवाली म्हणजे इंग्रजांच्या कागदपत्रांतली 'स्वाली'. किनारा आणि वाळूचा बांध यांच्यामध्ये इथे एक खोल पट्टा होता. तापीच्या मुखात गाळ असल्याने मोठी जहाजं सुरतेपर्यंत जात नसत, ती इथे नांगर टाकत. 1612 च्या नोव्हेंबरात कप्तान थॉमस बेस्टच्या जहाजांनी इथेच पोर्तुगिजांना मागे रेटलं आणि त्यानंतर इंग्रजांची सुरतेतली वखार उभी राहिली. शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये जी सुरत लुटली, तिच्या श्रीमंतीचा बराचसा माल याच वाळूवरून चढला-उतरला होता.

थडगं लहानसं, घुमटाचं, मुसलमानी धाटणीचं आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत ते टॉम कोरियटच्या नावाने आहे. भोवती झुडपं, लांबवर धुराडी. मी गेलो तेव्हा घुमटाच्या सावलीत एक शेळी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

टॉम कोरियट 1577 च्या सुमारास इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात जन्मला आणि ऑडकोम नावाच्या खेड्यात पाळकाच्या घरी वाढला. राजपुत्राच्या दरबारात विद्वान आणि विदूषक यांच्या मधलं काहीतरी म्हणून वावरायचा. 1608 च्या मे महिन्यात तो निघाला आणि पाच महिन्यांत व्हेनिसपर्यंत जाऊन परतला. परतीचा बराच भाग पायी होता. घरी आल्यावर त्याने प्रवासात झिजलेले बूट गावच्या चर्चमध्ये टांगले. 1611 मध्ये या प्रवासाचं जाडजूड पुस्तक काढलं. इटलीत लोक काट्याने खातात हे पाहून त्याने स्वतः काटा वापरायला सुरुवात केली, म्हणून मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. 1612 मध्ये पुन्हा निघाला तो कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो, इराण, कंदाहार, लाहोर, आग्रा असं करत 1615 मध्ये अजमेरला पोचला. जेरुसलेमपासूनचा हा पल्ला मुख्यतः पायी. अजमेरला जहांगीर बादशहापुढे त्याने फारसीत भाषण ठोकलं आणि बादशहाने खिडकीतून 100 रुपये खाली टाकले. इंग्लंडचा वकील सर थॉमस रो याला हा भिकारपणा वाटला. टॉमला ती कमाई वाटली.

त्याच्या 1608 च्या परतीच्या वाटेवर झुरिकनंतर बाडेन लागतं. लिमात नदीच्या वळणावरचं हे गाव रोमन काळात 'अॅक्वी हेल्वेटिकी' म्हणून ओळखलं जाई, म्हणजे हेल्वेटी लोकांच्या मुलखातलं पाणी. तिथले झरे सुमारे 47 अंशांचे आणि गंधकाचे. जवळच, पायी दोन तासांच्या अंतरावर, विंडोनिसा इथे रोमनांनी पहिल्या शतकाच्या आरंभी सैन्याची मोठी छावणी वसवली. आल्प्सच्या थंडीत हजारो शिपाई, आणि शेजारी जमिनीतून आपोआप वर येणारं कढत पाणी. गाव फोफावलं यात नवल नाही. दीर्घ शांततेच्या काळात शहरासारखं वाढलेलं, रम्य, आरोग्यदायी पाण्यासाठी लोकांची गर्दी खेचणारं ठिकाण, अशी त्याची नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली. पण ती नोंद झाली गाव लुटलं गेलं म्हणून. इ. स. 69 मध्ये रोममध्ये एका वर्षात चार सम्राट झाले. त्या धामधुमीत त्यांतल्याच विटेलियसच्या बाजूचा सेनापती सिसिना आणि त्याची 21 वी पलटण हेल्वेटींवर घसरली. भांडणाचं मूळ साधं होतं: एका गढीच्या शिबंदीसाठी चाललेले पगाराचे पैसे पलटणीने हडपले होते. त्यातून गाव लुटलं गेलं. जमिनीखाली सापडलेला जळिताचा थर पुरातत्त्वज्ञ याच वर्षाशी जोडतात.

गाव पुन्हा उभं राहिलं, रोमन गेले, लोक न्हात राहिले. 1416 मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी हा इटालियन विद्वान तिथे गेला आणि स्त्री-पुरुष एकत्र कसे न्हातात याचं हरखून गेलेलं पत्र त्याने मित्राला लिहिलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी टॉम पोचला, तेव्हाही तेच दृश्य. बायका दुसऱ्या पुरुषांबरोबर एकाच कुंडात बसल्यात, पाण्यावर खाण्याची फळी तरंगते आहे आणि नवरे निवांत बघताहेत. टॉमला याचं भारी आश्चर्य. आमच्या खानदेशातल्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर बायकांच्या कुंडाकडे चुकून वळलेल्या माझ्या काकांना आजीने दिलेल्या शिव्या आठवल्या आणि मी थडग्यापाशी एकटाच हसलो.

गंमत म्हणजे टॉमच्या स्वतःच्या परगण्यातही असंच गाव होतं. बाथ. रोमन नाव 'अॅक्वी सुलिस', म्हणजे सुलिस देवीचं पाणी. सुलिस ही स्थानिक देवी. रोमनांनी तिला हटवलं नाही, आपल्या मिनर्व्हाशी जोडून 'सुलिस मिनर्व्हा' केली. आपल्याकडे गावदेवीला भवानीचं रूप मानतात, तसाच हा व्यवहार. इथलं पाणी सुमारे 46 अंशांचं, दिवसाला जवळपास पावणेबारा लाख लिटर. मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडीतून दोन-चार किलोमीटर खोल झिरपतो, तिथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि भेगेतून दाबाने वर येतो. ज्वालामुखी लागत नाही, खोली आणि भेग पुरते. आपल्या कोकणातल्या आणि तापी खोऱ्यातल्या झऱ्यांचीही हीच रीत आहे. रोमन अभियंत्यांनी दलदलीत ओकचे खांब ठोकून, झऱ्याभोवती शिशाचा पत्रा लावलेला हौद बांधला आणि पाणी वळवलं.

टॉमच्या काळात बाथला लोक 'किंग्ज बाथ' नावाच्या कुंडात न्हायचे. ते कुंड रोमन हौदाच्या बरोब्बर वर होतं. पायाखाली काय आहे, कुणाला पत्ता नव्हता. 1727 मध्ये खोदकामात मिनर्व्हाचं सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं मुंडकं निघालं. 1878 च्या सुमाराला पाण्याची गळती शोधताना मेजर डेव्हिस या नगर-अभियंत्याला मुख्य रोमन स्नानगृहाचा मागमूस लागला. 1978 मध्ये पाण्यात घातक अमिबा सापडला आणि जुन्या कुंडांतलं न्हाणं बंद झालं. तेव्हा कुठे पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या चमूला झऱ्यात उतरता आलं. या झऱ्यातून आजवर 12,000 हून जास्त नाणी आणि शिशाचे सुमारे 130 पत्रे मिळाले आहेत.

हे पत्रे वाचले की दोन हजार वर्षं गळून पडतात. गुंडाळून पाण्यात टाकलेल्या या चिठ्ठ्यांत लोकांनी देवीकडे गाऱ्हाणी घातली आहेत. न्हायला आलो आणि कुणीतरी झगा पळवला. कुणाचे पैसे गेले. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर त्याने चोराचं डोकं आणि डोळे जावोत असं मागणं केलं. आमच्या गावी चोरी झाली की म्हसोबाला नारळ ठेवून असंच मागतात. तिथे नारळ नव्हता, शिसं होतं.

बाडेनचंही तेच. 1967 मध्ये एका मोठ्या झऱ्याचं तोंड उघडलं तेव्हा शेकडो नाणी आणि दांड्याची काशाची भांडी मिळाली. मर्क्युरी देवाला वाहिल्याचा लेखही त्यांत होता. अलीकडे जुनी स्नानगृहं पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा मोठं उत्खनन झालं, आणि 2021 मध्ये मारिओ बोत्ता या वास्तुशिल्पीने रचलेलं नवं स्नानगृह उघडलं.

ही दोन गावं शेजारी ठेवली की ध्यानात येतं: न्हाणं चालू असेपर्यंत कुणी खणत नाही. आणि खरं तर तेच बरं. आमचं चोपडा तालुक्यातलं अडावदजवळचं उनपदेव घ्या. गोमुखातून गरम धार पडते, हिवाळ्यात पहाटे वाफ उठते. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उतारा म्हणून रामाने बाण मारला आणि पाणी निघालं, ही तिथली कथा. तापीच्या खालच्या अंगाला, नवसारी जिल्ह्यात वांसद्याजवळ उनाई आहे. तिथेही शरभंग ऋषी, रामाचा बाण आणि गरम पाणी. सीता त्या कुंडात उतरली आणि 'हूं न्हाई' म्हणाली, म्हणजे मी न्हाले, म्हणून गावाचं नाव उनाई, असं तिथले लोक सांगतात. आमच्या मावशीच्या भाषेत आणि त्यांच्या भाषेत न्हाण्याचं क्रियापद एकच, त्यामुळे ही व्युत्पत्ती तिला विनातक्रार पटलेली आहे. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी नवस फेडला तो वज्रेश्वरीला, आणि तिच्याही आसपास तानसेच्या काठाने अकलोली, गणेशपुरीची कुंडं आहेत.

मला मात्र नावांचं जास्त अप्रूप आहे. उनपदेव, उनकेश्वर, उन्हेरे, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. संस्कृत 'उष्ण'चं ऊन झालं आणि ते गावागावाला चिकटलं. कोकणात तर गरम झऱ्यालाच उन्हाळे म्हणतात. रोमनांनी आपल्या गावांना 'अॅक्वी' म्हणजे पाणी हे नाव दिलं, पुढे जर्मनांनी 'बाडेन' आणि इंग्रजांनी 'बाथ', म्हणजे न्हाणं. ते पाण्याकडे आणि न्हाण्याकडे बघत होते, आपण ऊब मोजत होतो. आणि नाव हा सगळ्यांत टिकाऊ थर आहे. तो खणावा लागत नाही, एसटीच्या पाटीवर वाचता येतो. हजीऱ्याच्या नावात पाणी नाही, थडगं आहे. म्हणून असेल, तिथल्या विहिरी लोकांच्या तोंडून लवकर पुसल्या जात आहेत.

दुपारी सुवालीच्या किनाऱ्यावर बसलो. वाळू काळसर, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र आहे की नुसती चकाकी, कळत नाही. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी अशीच मोठी. इथे जायचं तर हिवाळ्यात जावं, भरतीची वेळ विचारून घ्यावी आणि पाण्यात फार आत शिरू नये. उत्तरेला पुढे नर्मदेच्या मुखाशी भरूच आहे, ग्रीक-रोमन खलाशांचं बॅरिगाझा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी पुस्तकात तिथल्या अवघड मुखातून जहाजं आत घेण्यासाठी राजाच्या नावा सामोऱ्या येत, असं लिहिलं आहे. पैठण आणि तेरहून माल गाडीवाटेने तिथे जात असे, आणि उतरणाऱ्या मालात पहिली होती इटलीची दारू. बाडेनला शिपाई कुंडात बसून जी दारू पीत, तिचीच भावंडं या किनाऱ्यावर येत होती.

टॉमचा शेवटही दारूनेच झाला. 1617 मध्ये तो रोबरोबर मांडूला होता. प्रकृती ढासळलेली. तिथे एकदा तो खांबाला टेकून भोवळ येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने काय सांगितलं, हे रोच्या पाद्र्याने, एडवर्ड टेरीने, लिहून ठेवलं आहे: वाटेत कुठेतरी मेलो तर माझा प्रवास कुणाला कळणारच नाही, या विचाराने घेरी आली. तरीही तो एकटाच सुरतेला निघाला. पोचला तेव्हा जुलाबाने हैराण होता. वखारीतल्या इंग्रजांनी घरची आठवण म्हणून स्पॅनिश दारू दिली, ती त्याने आनंदाने जास्त घेतली आणि डिसेंबरात तो गेला. वय चाळिशीचं. अजमेरहून पाठवलेली पत्रं आधी, 1616 मध्येच, छापून झाली होती. नंतरचं फारसं काही उरलं नाही.

परतताना पुन्हा त्या टपरीवर थांबलो. दोन्ही विहिरींपर्यंत मी काही पोचलो नाही. समोर पाळी बदलत होती, हेल्मेट घातलेली पोरं बसमधून उतरत होती, त्यांतली निम्मी तरी खानदेशी बोलत असावीत. बाडेनचंही असंच झालं होतं. 1847 मध्ये झुरिकहून तिथे रेल्वे आली, 1891 मध्ये ब्राउन बोव्हेरी ही वीजयंत्रांची कंपनी तिथेच निघाली आणि गरम पाण्याचं गाव कारखान्याचं गाव झालं. पण तिथे कुंडं राहिली, कारण टॅसिटस, पोज्जो, टॉम असा कुणीतरी दर काही शतकांनी येऊन लिहून ठेवत गेला. हजीऱ्याला तसा लिहिणारा एक आला होता. पण तो आला तोच मरायला.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. मावशीने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. "काय होतं मग तिथे?" मी म्हटलं, एका चालून आलेल्या इंग्रजाचं थडगं. ती काही फारशी खूश झाली नाही. मग मी तिला टेरीने लिहिलेली धोबिणीची गोष्ट सांगितली. रोच्या घरी एक धोबीण होती, तोंडाने फटकळ. सकाळपासून रात्रीपर्यंत भांडायची. एके दिवशी हा टॉम तिच्याशी तिच्याच भाषेत भांडायला बसला आणि सकाळी आठच्या आत त्याने तिला असं गप्प केलं की तिला पुढे एक शब्द सुचेना.

मावशीने भाकरी थांबवली. "कोणत्या भाषेत?"

"हिंदुस्थानीत."

"परका येऊन आपल्या भाषेत भांडला?" तिच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला. मग तिने थोडा विचार केला. "पण गप्प झाली म्हणजे हरली असं नाही बरं. त्याचे कपडे तिच्याकडेच होते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवून न्हाणीत बादली ठेवताना शेजारणीला ती हीच गोष्ट सांगत होती. नावाचं 'टाम' झालं होतं आणि गोष्टीत धोबीण जिंकली होती.